टोकियोत कॉफीला बसताना

टोकियोच्या जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांची शंभरावर दुकानं आहेत. दुपारभर कपाटं धुंडाळून हातात दोन पुस्तकं आली, की ती चाळायला शांत खुर्ची लागते. ती खुर्ची इथल्या कॉफीच्या दुकानांनी वर्षानुवर्षं पुरवली. मुख्य रस्त्यामागच्या अरुंद बोळात विटांच्या भिंतींचं ‘लाद्रिओ’ 1949 पासून उभं आहे. कॉफीवर मलईचा घट्ट थर घालून देण्याची व्हिएन्नाची तऱ्हा जपानात इथूनच सुरू झाली, असं मानतात. जवळच 1955 चं ‘साबोरु’ आहे, लाकडी खांबांचं, मंद दिव्यांचं, गिऱ्हाइकांनी विटांवर लिहून ठेवलेल्या नावांनी भरलेलं. आणि त्याच भागात, चालत जाण्याच्या अंतरावर, 2015 साली सुरू झालेलं ‘ग्लिच कॉफी’. मोठ्या काचा, दुकानातच भाजणीचं यंत्र आणि दाराबाहेर बऱ्याचदा रांग. इथे गडद भाजलेली कॉफी नाही, अनेक देशांच्या बियांचं मिश्रण नाही. मागायची ती एकाच मळ्याची किंवा एकाच गावाची कॉफी. कपाबरोबर एक कार्ड मिळतं. कॉफी कोणत्या देशातली, कोणत्या मळ्यातली, झाडाची जात कोणती, फळावर प्रक्रिया कशी झाली, हे त्यावर छापलेलं असतं.

परदेशी फिरायला जाणारी मराठी मंडळी आता देवळं, संग्रहालयं आणि बाजार यांच्या जोडीला एखादं नावाजलेलं कॉफीचं दुकानही यादीत लिहून नेतात. मेलबर्न, ऑस्लो, पोर्टलंड, सोल अशी या बाबतीत नाव कमावलेली शहरं बरीच आहेत. पण पहिल्यांदाच अशा दुकानाची पायरी चढणाऱ्याने टोकियोपासून सुरुवात करावी. कॉफीची जुनी आणि नवी विद्या इथे एकाच गल्लीत नांदते, आणि दोन्हीकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, काउंटरपलीकडे, सगळं काम हाताने चालतं. साध्या कॉफीपेक्षा इतके जास्त पैसे नेमके कशाचे, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा सापडणं कठीण आहे.

‘ग्लिच’मध्ये मिळते तशा कॉफीला ‘स्पेशालिटी कॉफी’ म्हणतात. आधी या शब्दामागचं मोजमाप. नॉर्वेत जन्मलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत कॉफीचा व्यापार करणाऱ्या अर्ना नुटसन यांनी 1974 साली एका व्यापारी मासिकाला दिलेल्या मुलाखतीत तो पहिल्यांदा वापरला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विशिष्ट प्रदेशाच्या हवामातीत पिकलेल्या चांगल्या कॉफीला स्वतःची चव असते. ती मोठ्या मालात मिसळून घालवू नये, निराळी विकावी. पुढे संघटना निघाल्या, नियम ठरले. अमेरिकेतली संघटना 1982 ची, युरोपातली 1998 ची, आणि 2017 साली दोन्ही एक झाल्या. त्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत प्रशिक्षित परीक्षक कॉफी चाखून 100 पैकी गुण देतात आणि 80 किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारी कॉफीच स्पेशालिटी ठरते. कच्च्या बियांचीही तपासणी होते. 350 ग्रॅमच्या नमुन्यात काळी पडलेली, आंबलेली, बुरशी लागलेली अशी एकही मोठ्या दोषाची बी चालत नाही.

चाखण्याची रीत बघण्यासारखी असते. दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओततात आणि चार मिनिटं थांबतात. मग वर तरंगलेला थर चमच्याने मोडून नाक जवळ नेऊन वास घेतात. थोडी निवल्यावर चमचाभर कॉफी मोठा आवाज करत फुरकी मारून ओढतात, म्हणजे ती जिभेवर आणि टाळ्यावर एकदम पसरते. सुगंध, आंबटपणा, गोडवा, दाटपणा, मागे रेंगाळणारी चव या सगळ्यांची वेगवेगळी नोंद होते. त्यामुळे दुकानातल्या कार्डावर ‘जाई, बर्गमॉट लिंबू, मध’ असं लिहिलेलं दिसलं, तर कॉफीत हे पदार्थ घातलेले नसतात. इथिओपियाच्या उंच डोंगरांतल्या, धुऊन वाळवलेल्या कॉफीत फुलांचे आणि लिंबूवर्गीय फळांचे वास मुळातच असतात. तीच फळं सालासकट उन्हात वाळवली, तर आतला गर बीभोवती आंबत राहतो आणि कपात पिकलेल्या बेरीसारखा गोडसर वास उतरतो. झाड एक, डोंगर एक आणि चवी दोन. प्रक्रियेमुळे पडणारा हा फरक एकदा शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन कपांत अनुभवला, की कार्डावरचा मजकूर वाचायची गोडी लागते.

जपानची कॉफीशी ओळख मात्र या शब्दाहून फार जुनी. टोकियोच्या उएनो भागात 13 एप्रिल 1888 रोजी तेई एइकेइ या अमेरिकेत शिकून आलेल्या गृहस्थांनी ‘काहीसाकान’ नावाचं कॉफीगृह उघडलं. वर्तमानपत्रं, पुस्तकं, बिलियर्ड्सचं टेबल अशी सगळी सोय तिथे होती. लोकांनी बसावं, वाचावं, बोलावं अशी त्यांची कल्पना. दुकान चार-पाच वर्षांत बुडालं, पण कल्पना टिकली. ‘किस्सातेन’ म्हणून ओळखली जाणारी जपानी कॉफीगृहं त्याच वाटेने गेली.

कॉफी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती ब्राझीलमुळे, आणि त्यामागे माणसांच्या स्थलांतराची कहाणी आहे. 1908 साली ‘कासातो मारू’ हे जहाज कोबे बंदरातून 781 जपानी मजुरांना घेऊन ब्राझीलला गेलं. साओ पावलो प्रांतातल्या कॉफीच्या मळ्यांना माणसं हवी होती. ही मंडळी नेणाऱ्या मिझुनो र्यू यांना त्या प्रांताच्या सरकारने नंतर कित्येक वर्षं कॉफीच्या बिया मोफत दिल्या. हेतू हा, की जपानात ब्राझीलच्या कॉफीची चटक लागावी. त्या बियांवर 1911 साली टोकियोत ‘काफे पाउलिस्ता’ उभं राहिलं आणि पाच सेनला कप मिळू लागला. लेखक, विद्यार्थी, पत्रकार यांची तिथे गर्दी होऊ लागली. आज टोकियोच्या गिंझा भागात याच नावाचं दुकान आहे. 1978 साली जॉन लेनन आणि योको ओनो तिथे लागोपाठ तीन दिवस आले होते, आणि दुकान ती आठवण अजून अभिमानाने सांगतं. पण तिथे बसणाऱ्याने लेननच्या आधी त्या 781 माणसांची आठवण काढावी. दूरच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या त्या मजुरांमुळेच कॉफी या शहरात स्वस्त झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉफीची आयात आधी कमी झाली आणि शेवटी पूर्ण थांबली. ती रीतसर पुन्हा सुरू झाली 1950 मध्ये. त्याआधी दोनच वर्षं, सगळीकडे टंचाई असताना, इचिरो सेकिगुची यांनी गिंझात ‘काफे द लाम्ब्र’ हे दुकान काढलं. टोकियोत एकच जुनं दुकान बघायला सवड असेल, तर हे बघावं.

गिंझाच्या झगमगाटातून आतल्या रस्त्याला वळलं, की लहानशी पाटी दिसते. फक्त कॉफीचं दुकान, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते शब्दशः खरं आहे. इथे टोस्ट नाही, केक नाही. दारापाशी भाजणीची खोली, आत लांब लाकडी काउंटर आणि कित्येक दशकांच्या धुराने, वाफेने तांबूस झालेल्या भिंती. सेकिगुची वयाची शंभरी ओलांडल्यावरही दुकानात येऊन बिया भाजत. 2018 साली 103 व्या वर्षी ते गेले. त्यांचं वेगळेपण होतं ते जुन्या कॉफीत. युद्धकाळात गोदामात पडून राहिलेल्या सुमात्राच्या कच्च्या बिया त्यांच्या हाती आल्या आणि त्या भाजून बघताना मुरलेल्या बियांची चव त्यांना सापडली, असं सांगतात. तेव्हापासून कच्च्या बिया दहा-दहा, वीस-वीस वर्षं साठवून मग भाजायची रीत इथे पडली. मेन्यूवर बियांच्या नावापुढे त्यांचं सालही दिसतं.

कॉफी बनते ती कापडातून. फ्लॅनेलची गाळणी, तिला जपानीत नुसतं ‘नेल’ म्हणतात. एका बाजूने लव असलेलं सुती कापड तारेच्या कड्याला शिवलेलं असतं. ते साबणाने धुवायचं नाही आणि वाळू द्यायचं नाही. वापर झाला, की पाण्यात बुडवून थंड जागी ठेवायचं, नाहीतर तंतूंत शिरलेलं कॉफीचं तेल खवट होतं. बनवणारा डाव्या हातात गाळणी धरतो आणि उजव्या हातात बारीक तोटीची किटली. पाणी धारेने पडत नाही, आधी थेंब-थेंब पडतं. जाडसर दळलेली कॉफी हळूहळू फुगते. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मध्यभागी फेसाचा घुमट चढतो. मग थेंबांचा दोरा होतो. किटली जवळजवळ स्थिर असते, हलते ती गाळणी, मनगटाच्या लहान वळशांनी. त्या माणसाची नजर एकदाही वर जात नाही. खाली छोट्या भांड्यात उतरलेला दाट अर्क क्षणभर आचेवर धरून कपात ओततात. कप लहान, जेमतेम काही घोटांचा. कॉफी गडद आणि दाट असते, पण जीभ ओढणारा कडवटपणा तिच्यात नसतो. कागदी गाळणीत अडकून राहणारं तेल कापडातून उतरतं, म्हणून ती जिभेवर मखमली लागते.

उन्हाळ्यात गेलेल्याने इथली ‘क्वीन अंबर’ मागावी. गरम, गोड केलेली कॉफी धातूच्या शेकरमध्ये घालतात आणि तो शेकर बर्फाच्या लादीवर गोल-गोल फिरवून थंड करतात. बर्फाचा एक थेंबही कॉफीत मिसळत नाही. मग ती रुंद तोंडाच्या नाजूक ग्लासात ओतून वर आटवलेल्या दुधाचा पातळ थर अलगद सोडतात. ढवळायची नाही, तशीच प्यायची. दुधाच्या गार थरातून काळी कॉफी ओठांना लागते.

असं काम करणारी दुकानं टोकियोत आणखीही होती आणि काही आहेत. काउंटरपलीकडच्या मालकाला जपानी गिऱ्हाईक ‘मास्टर’ म्हणून हाक मारतं, आणि ती हाक मनापासूनची असते. शिबुयातल्या ‘चातेई हातो’मध्ये भिंतभर चिनी मातीचे कप मांडलेले असतात आणि पाहुण्यासाठी कप निवडायचं काम बनवणारा स्वतः करतो. ओमोतेसांदोमधलं ‘दाइबो कॉफी’ 1975 ते 2013 चाललं. कात्सुजी दाइबो रोज सकाळी हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रात बिया भाजत. इमारत पाडायचं ठरलं तेव्हा त्यांनी दुकान मिटवलं. एकूण आकडे बघितले, तर ही परंपरा आक्रसते आहे. 1981 साली जपानभरात दीड लाखाहून जास्त किस्सातेन होती, आणि आता ती संख्या निम्म्याहूनही खाली आली आहे. 1969 मध्ये यूसीसी कंपनीने आणलेल्या डबाबंद कॉफीपासून साखळी दुकानांपर्यंत स्पर्धा वाढत गेली, मालक म्हातारे झाले, मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली. बॉस्टन विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ मेरी व्हाइट यांनी या दुकानांवर 2012 साली पुस्तक लिहिलं. घर आणि कचेरी यांच्यामध्ये माणसाला एकटं बसू देणारी ही जागा जपानी शहरांना किती गरजेची होती, हे त्यात वाचायला मिळतं.

नव्या लाटेने जुन्याला मारलं, असं सरसकट म्हटलं जातं. टोकियोत ते खरं नाही. उलट नव्यांनी जुन्यांकडूनच धडे घेतले. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ‘ब्लू बॉटल’ सुरू करणारे जेम्स फ्रीमन मूळचे क्लॅरिनेटवादक. टोकियोची किस्सातेन, विशेषतः ते ‘चातेई हातो’, हे आपलं प्रेरणास्थान असल्याचं त्यांनी वारंवार सांगितलं आहे. 2015 च्या फेब्रुवारीत त्यांनी टोकियोत शाखा उघडली, तेव्हा एका कपासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. अमेरिकी दुकानदार जपानकडून एका वेळी एकच कप हाताने गाळायला शिकला आणि तीच विद्या घेऊन जपानात परत आला.

साधनांची गोष्टही अशीच. कागदी गाळणी काढली ती जर्मनीच्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने, 1908 साली, मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून. पण आज जगभरच्या स्पेशालिटी दुकानांत दिसणारा शंकूच्या आकाराचा ‘व्ही 60’ हा जपानच्या हारिओ कंपनीचा. 1921 पासून काचेची भांडी बनवणाऱ्या या कंपनीने तो 2005 मध्ये बाजारात आणला. त्याच्या बाजूंना 60 अंशांचा कोन, आतल्या अंगाला वळणदार कंगोरे आणि तळाला एकच मोठं भोक. भोक मोठं असल्याने पाणी अडत नाही. अर्क किती उतरणार हे ओतणाऱ्याच्या हातावर ठरतं. म्हणून हे साधन सोपं दिसतं आणि साधायला अवघड जातं.

‘ग्लिच’सारख्या दुकानात काउंटरजवळ जागा मिळाली तर ती सोडू नये. समोर तराजू असतो, त्याच्यावर घड्याळ. बिया मोजून लगेच दळतात. दळलेली कॉफी बऱ्याच ठिकाणी आधी नाकाजवळ धरायला देतात. कोरडा वास आणि ओला वास यांतला फरक तिथेच कळतो. मग थोडंसं पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट थांबतात, कॉफीतला वायू निघून जाऊ देतात. पुढचं पाणी टप्प्याटप्प्याने. 2016 ची जागतिक ब्रुअर्स स्पर्धा जिंकणाऱ्या तेत्सु कासुया यांची रीत आता घरोघरी पोचली आहे. 20 ग्रॅम कॉफी आणि 300 ग्रॅम पाणी, ते साठ-साठचे पाच भाग करून दर 45 सेकंदांनी ओतायचं. पहिल्या दोन ओतांत, म्हणजे 40 टक्के पाण्यात, गोडवा आणि आंबटपणा यांचा मेळ ठरतो. पहिला ओत लहान ठेवला तर कॉफी गोडीकडे झुकते. उरलेल्या 60 टक्क्यांचे जितके जास्त भाग करावे, तितकी कॉफी कडक होते. रीत इतकी साफ आहे, की शाळकरी मुलालाही करून बघता येईल. त्याआधी 2014 मध्ये हिदेनोरी इझाकी हे बरिस्टांची, म्हणजे काउंटरमागे कॉफी बनवणाऱ्यांची, जागतिक स्पर्धा जिंकणारे पहिले आशियाई ठरले होते. टोकियोत आज दिसणाऱ्या तरुण बरिस्टांच्या आत्मविश्वासामागे ही दोन विजेतेपदं आहेत.

पहिल्या घोटाला मराठी जीभ बहुतेक वेळा दचकते. कॉफी फिकट, चहाच्या रंगाची, आणि आंबट. चिकोरी घातलेली, दूध-साखरेची फिल्टर कॉफी प्यायची सवय असेल तर हे बिघडलेलं वाटतं. ते बिघडलेलं नसतं. बी साधारण 200 अंश सेल्सियसच्या आसपास तडतडू लागते. त्यानंतर लवकरच भाजणी थांबवली, की फळातली आम्लं आणि नाजूक वास टिकतात. भाजणी पुढे नेली, की ते जळत जातात, आणि त्यांच्या जागी कडवटपणा, धुरकटपणा आणि दाटपणा येतो. गडद भाजणीत भाजणाऱ्याचं कसब बोलतं, हलक्या भाजणीत डोंगर आणि झाड बोलतं. दोन्हींना मान द्यावा. गिंझातली वीस वर्षं मुरलेली कॉफी आणि जिंबोचोतली ताज्या हंगामाची कॉफी एकाच दिवशी प्यायली, तर दोन टोकं कळतात आणि आपली आवड कुठे बसते ते समजतं. यासाठी दिवस द्यावा, एवढी ही गोष्ट मोलाची आहे.

पिताना घाई करू नये. उकळती गरम असताना जिभेला चव फारशी कळत नाही. कोमट होत जाताना गोडवा वर येतो आणि आंबटपणाचा धारदारपणा जाऊन त्याला फळाचं रूप येतं. चांगल्या कॉफीची खरी परीक्षा शेवटच्या, निवलेल्या घोटात होते. वाईट कॉफी थंड झाली की पिववत नाही. दूध-साखर हवी तर जुन्या किस्सातेनमध्ये खुशाल मागावी, ती काउंटरवरच असते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. हलक्या भाजणीची कॉफी मात्र निदान पहिला अर्धा कप तरी तशीच प्यावी, कारण ज्याचे पैसे मोजले ते दुधाखाली झाकून जातं.

पैशांचं म्हणाल, तर हाताने गाळलेल्या कपाला टोकियोत साधारण 600 ते 1,000 येन पडतात, म्हणजे आपले सुमारे साडेतीनशे ते सहाशे रुपये. पनामाच्या गेशा जातीची कॉफी घेतली तर याच्या कितीतरी पट. ही जात मूळची इथिओपियाच्या रानातली. 2004 साली पनामातल्या बोकेते भागातल्या ‘आसिएंदा ला एस्मेराल्दा’ या मळ्याने ती स्पर्धेत वेगळी मांडली. परीक्षक थक्क झाले आणि लिलावात पौंडाला 21 डॉलर भाव आला, जो तेव्हा कुणी ऐकला नव्हता. एरवी अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या बाजारात ठरतो. शेतकऱ्याने कितीही जीव ओतला, तरी त्याचा माल ढिगात मिसळतो आणि ढिगाचाच भाव त्याला मिळतो. मळ्याचं नाव कपापर्यंत पोचलं, तरच त्याला वेगळा भाव मागता येतो. कार्डावरच्या त्या चार ओळींची खरी किंमत इथे आहे, आणि स्पेशालिटी कॉफीच्या बाजूने बोलायला हे एक कारण पुरेसं आहे. सजावट, महागडी यंत्रं, भिंतीवरचे फलक हे सगळं बाजूला ठेवून दुकानाला एवढंच विचारावं, की ही कॉफी कुणी पिकवली. नीट उत्तर आलं तर दुकान खरं.

शिष्टाचार थोडे, पण पाळण्यासारखे. बसल्यावर पाण्याचा ग्लास आणि बऱ्याच ठिकाणी हात पुसायला ओला रुमाल येतो. माणशी एक पेय मागवायचं असतं. चौघांत दोन कप मागवणं तिथे बरं दिसत नाही. टिप द्यायची पद्धत नाही. फोनवर बोलायचं असेल तर बाहेर जावं, फोटोआधी विचारावं, आणि रांग असताना कप संपल्यावर उठावं. जुन्या दुकानांसाठी जवळ रोकड ठेवावी. 2020 च्या एप्रिलपासून बंद जागेत धूम्रपानावर देशभर निर्बंध आले, तरी काही लहान जुन्या दुकानांना सवलत असल्याने तिथे अजून सिगारेटचा धूर असतो. त्रास होत असेल तर दाराबाहेरची पाटी पाहून घ्यावी. शाकाहारी माणसाला कॉफीची अडचण नाही, मात्र किस्सातेनमधली लोकप्रिय कॉफी जेली बऱ्याचदा जिलेटिनने घट्ट केलेली असते. सकाळच्या वेळी मिळणारा जाड पावाचा लोणी लावलेला टोस्ट पोटभर होतो.

टोकियोत मराठी माणसांचा वावर आता नवा नाही. पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीय वस्ती दाट आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक 2019 साली याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेले. मुलांकडे महिना-दोन महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांना निशी-कासाईहून एक सकाळ सहज काढता येते. तोझाई मार्गाने मोनझेन-नाकाचोला उतरून ओएदो मार्गाने एक स्थानक पुढे गेलं, की कियोसुमी-शिराकावा. सुमिदा नदीकाठचा हा भाग पूर्वी गोदामांचा. उंच छतांची ती गोदामं भाजणीच्या यंत्रांना आणि त्यांच्या धुराड्यांना सोयीची पडली. 2013 पासून एकेक दुकान इथे येत गेलं. आधी ‘अराइझ’, मग न्यूझीलंडची ‘ऑलप्रेस’ आणि मग ‘ब्लू बॉटल’. जवळच कियोसुमी बाग आहे, तळ्यातल्या दगडांवरून चालत जायची. आधी बाग, मग कॉफी, असा क्रम ठेवला तर सकाळ छान जाते. जिंबोचोला जायचं तर तोच तोझाई मार्ग कुदानशितापर्यंत नेतो आणि पुढे पायी थोडंसंच अंतर उरतं.

या दुकानांत बसल्यावर आपल्या कॉफीचा विचार मनात येतोच. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आज देशातली 70 टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, मोठ्या झाडांच्या सावलीत, मिरीच्या वेलांबरोबर. तिच्यातला मोठा वाटा परदेशी जातो आणि इटली हा सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. तिथे ती एस्प्रेसोच्या मिश्रणात जाते, आणि मिश्रणात गेली की कोडगूचं, वायनाडचं नाव पुसलं जातं. हे आता बदलू लागलं आहे. 2019 साली कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी त्याआधीच, 2017 मध्ये, पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचं दुकान थाटून बसली. महाराष्ट्राच्या वाट्यालाही थोडी कॉफी आली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून तिची लागवड आहे. पर्यटकांना तिथला देवी पॉइंट ठाऊक असतो, कॉफी फार थोड्यांना.

टोकियोहून काही आणायचं तर 100-200 ग्रॅम बिया आणाव्यात. पाकिटावर भाजल्याची तारीख बघावी, बिया न दळलेल्याच घ्याव्यात, पाकीट हवाबंद डब्यात ठेवून महिन्या-दीड महिन्यात संपवावं. आणि परतल्यावर मुंबई-पुण्याच्या कॉफीच्या दुकानातही तोच प्रश्न विचारावा: ही कॉफी कोणत्या मळ्याची? गिऱ्हाईक विचारू लागलं, की दुकानदाराला उत्तर शोधावं लागतं, आणि ते उत्तर कर्नाटकातल्या, अराकूतल्या किंवा आपल्या चिखलदऱ्यातल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडतं.